रुपेरी पडद्यावरील मुंबई
(नभोवाणीवरील भाषण)

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे बखरी, ताम्रपट, शिलालेख, जुनी नाणी आणि दप्तरखान्यातील कागद आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मीही सदतीस वर्षे मुलांना हीच यादी पाठ करावयास लावीत आलो. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकीचा पेशा पत्करलेला एक साधा माणूस आहे. परंतु निवृत्तीनंतर सवड मिळाली, जुने चित्रपट पुन्हा पाहण्यात आले, आणि त्या यादीत एक साधन घालावयाचे राहून गेले, अशी चुटपुट लागली. ते साधन म्हणजे चित्रपट. त्यातील कथा नव्हे, त्यातील नट-नटी नव्हेत, तर त्यांच्या पाठीमागे सहज दिसणारे शहर. या शहराविषयी, म्हणजे आपल्या मुंबईविषयी, आज चार शब्द सांगण्याचे योजिले आहे.

मुंबईचा आणि चलच्चित्राचा संबंध फार जुना. ७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या माणसाने हिंदुस्थानातील पहिला खेळ दाखविला. दर माणशी एक रुपया आकार होता. पॅरिसमधील पहिला जाहीर खेळ झाला त्याला जेमतेम सहा महिने लोटले होते. त्या संध्याकाळी जी सहा लहान लहान चित्रे दाखविली गेली, त्यांपैकी चारांचे विषय मोठे लक्षात घेण्याजोगे आहेत. एकात समुद्रस्नान होते. दुसऱ्यात फलाटावर येणारी आगगाडी होती. तिसऱ्यात कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार होते. चौथ्यात एक भिंत पाडली जात होती.

ही चित्रे फ्रान्समध्ये घेतलेली. मुंबईशी त्यांचा काडीइतकाही संबंध नव्हता. तथापि समुद्र, आगगाडी, कारखाना आणि पाडकाम या चार शब्दांत मुंबईचे पुढील सव्वाशे वर्षांचे चरित्र सांगून टाकता येते; आणि मौज अशी की, मुंबईने पडद्यावर जी आपली तसबीर उमटविली, तीही याच चार गोष्टींची होय. म्हणून याच चार पायऱ्यांनी आपण जाऊ. परंतु त्याआधी, मुंबई पडद्यावर आली कशी ते पाहू.

पहिला मान एका मराठी माणसाकडे जातो. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे मुंबईतील छायाचित्रकार. वॉटसन हॉटेलातील नवलाई पाहून त्यांनी विलायतेहून चित्रणयंत्र मागविले आणि १८९९ साली मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. फीत धुण्याची सोय येथे नसल्यामुळे ती लंडनला पाठवावी लागली. पुढे १९०१ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे स्वदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेल्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. म्हणजे आपल्या चलच्चित्रांचा आरंभ राजवाड्याच्या पडद्यापुढे न होता मुंबईच्या मोकळ्या हवेत, खऱ्या माणसांच्या गर्दीत झाला.

हा आरंभ मात्र तसाच पुढे चालला नाही. दादासाहेब फाळक्यांनी दादरला आपली चित्रशाळा थाटली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला. त्या चित्रपटात अयोध्या होती, काशी होती. मुंबई कोठून असणार? बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी वांगणीला गेली. पुढील वीस-पंचवीस वर्षे बहुधा हेच चालले. चित्रपट निर्माण व्हावयाचा मुंबईत, पण मुंबईला पडद्याच्या आत पाऊल टाकण्याची बंदी! १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची कथा तर प्रसिद्धच आहे. चित्रशाळा रेल्वेच्या रुळांजवळ होती. दिवसा गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात शिरे. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर काम चाले. शहराचा आवाज पडद्यावर येऊ नये एवढ्यासाठी एका नगरीतील नट-नटींनी रात्री जागविल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. हलके कॅमेरे आले, कष्टकरी माणसाच्या कथा आल्या, आणि दिग्दर्शक चित्रशाळेचे दार उघडून रस्त्यावर उतरले. चेतन आनंद यांच्या १९५४ सालच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये देव आनंद मोटार हाकतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही मुंबईची सफर करतो. १९५६ सालच्या ‘सी. आय. डी.’मध्ये जॉनी वॉकर घोडागाडीत बसून या नगरीचे गुणदोष गातो. त्या काळच्या प्रेक्षकाचे लक्ष जॉनी वॉकरकडे होते. माझ्यासारख्याचे लक्ष आज त्या घोडागाडीकडे आणि रिकाम्या रस्त्याकडे जाते. त्या वेळी या रस्त्यांवरून ट्रामगाडी धावत होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री ती कायमची थांबली. घोडागाड्या त्यानंतरही रेंगाळल्या, पण २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याही बेकायदा ठरविल्या. चित्रपटकाराने केवळ गाण्याची मागली बाजू म्हणून जे टिपले, ते आपल्या दृष्टीने आज दप्तर झाले आहे.

आता त्या चार पायऱ्या. पहिली समुद्राची.

ज्या मरीन ड्राइव्हला आपण मुंबईचा मुखडा समजतो, तो रस्ता समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवरचा. हा मुखडा पडद्यावर इतक्यांदा आला की, ज्याने जन्मात मुंबई पाहिली नाही त्यालाही तो ओळखीचा वाटतो. १९७९ सालच्या ‘मंजिल’ चित्रपटात अमिताभ बच्चन आणि मौसमी चटर्जी पावसात भिजत या शहरातून हिंडतात. दिग्दर्शक बासू चटर्जी यांनी ते गाणे खऱ्या पावसात, खऱ्या रस्त्यांवर घेतले. तो पाऊस मुंबईचाच, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. याच्या उलट टोक म्हणजे १९९८ सालचा ‘सत्या’. तेथे गणेशविसर्जनाच्या अफाट गर्दीत, समुद्राच्या काठी, सूडाचा वार होतो. समुद्र तोच; एकदा प्रेमाला साक्षी, एकदा खुनाला. हाच किनारा आता पुन्हा बदलला. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला आणि २०२४ मध्ये वरळीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतचा किनारी रस्ता खुला होऊ लागला. हाजीअलीच्या बाजूस भरतीच्या लाटा पूर्वी कोठवर येत, हे आपल्या नातवंडांना दाखवावयाचे तर जुन्या चित्रपटांपाशीच जावे लागेल.

दुसरी पायरी आगगाडीची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे प्रत्येक शाळकरी मुलास पाठ असते. परंतु लोकल गाडीने या शहराच्या माणसांना कसे वागावयास शिकविले, हे पाठ्यपुस्तकात नाही. ते १९७९ सालच्या ‘बातों बातों में’ या चित्रपटात आहे. त्यातील नायक-नायिकेची ओळख वांद्र्याहून चर्चगेटकडे जाणाऱ्या रोजच्या लोकलमध्ये होते. त्याच दिग्दर्शकाच्या ‘छोटी सी बात’मध्ये प्रेमाचे स्थळ म्हणजे बसची रांग. अमोल पालेकरांचा तो बुजरा कारकून, ती रांग, जहांगीर कलादालनातील समोवार उपाहारगृहाची ती चिंचोळी बैठक! समोवार २०१५ च्या मार्चअखेर बंद झाले. जुन्या धाटणीच्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या. नऊ ते पाचची नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय मुंबईचे एवढे विश्वासू चित्र मला कोणत्याही ग्रंथात आढळले नाही.

तिसरी पायरी कारखान्याची. येथे मात्र मला थोडे थांबले पाहिजे, कारण मी गिरणगावातला. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभारण्यास आरंभ झाला आणि शंभर-सव्वाशे वर्षे परळ-लालबागचा दिवस भोंग्यावर उगवत व मावळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळसे पुन्हा कधीच आत गेले नाहीत. या शोकांतिकेवर जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटक लिहिले आणि त्यावरून २०१० साली महेश मांजरेकरांनी ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला. परंतु गिरण्यांचा आणि चित्रपटांचा याहूनही एक विलक्षण संबंध आहे. कुलाब्याला अगदी समुद्राच्या कडेला मुकेश मिल नावाची गिरणी होती. संपाच्याच वर्षी ती बंद पडली. मग तिच्या काळवंडलेल्या भिंतींत चित्रपटवाल्यांचे कॅमेरे येऊ लागले. १९९१ सालच्या ‘हम’मधील अमिताभ बच्चन यांचे गाजलेले सामुदायिक नृत्य तेथलेच. जेथून सुती गाठी बाहेर पडत, तेथून गाणी बाहेर पडू लागली. मी यात कोणाला दोष देत नाही. ओसाड जागेचे भाडे येत असेल तर ते कोण नाकारील? पण ज्यांनी त्या जागेत हाडे झिजविली, त्यांचे नाव त्या नृत्याच्या श्रेयनामावळीत असण्याचे कारण नव्हते आणि ते नाही.

चौथी पायरी पाडकामाची, आणि तिच्याच पोटात घराची. मुंबईत घर मिळणे हे लग्न जमण्याहून कठीण. राजा ठाकूर यांचा १९७० सालचा ‘मुंबईचा जावई’ आणि त्यावरून निघालेला हिंदी ‘पिया का घर’ यांत एका खोलीतील नवदांपत्याची कुचंबणा हसत हसत दाखविली आहे. १९७७ सालच्या ‘घरौंदा’त ते हसू मावळते, तेथे दोन नोकरदार जीव अर्धवट बांधलेल्या इमारतीतून स्वतःच्या घराची स्वप्ने पाहतात आणि फसविले जातात. १९८८ साली मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’साठी रस्त्यावरच्या खऱ्या मुलांना कॅमेऱ्यापुढे उभे केले. अगदी अलीकडे, २०२४ साली, पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला कान येथील महोत्सवात दुसऱ्या क्रमांकाचे ग्रां प्री पारितोषिक मिळाले. त्यात रुग्णालयात स्वयंपाक करणारी एक विधवा आहे. घराचे कागदपत्र हाती नाहीत, म्हणून बिल्डरपुढे तिचा इलाज चालत नाही. शेवटी ती रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते. १८९६ सालच्या त्या पडत्या भिंतीपासून या बाईपर्यंत एकच धागा आलेला आहे, असे मला वाटते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे माझे कर्तव्य आहे. बखर जशी पारखून घ्यावी लागते तसाच चित्रपटही. पडद्यावर मुंबई दिसली म्हणजे ती मुंबईच असते असे नाही. १९८७ सालच्या मणिरत्नम यांच्या ‘नायकन’मधील धारावी मद्रासेत उभारलेली होती. उलटपक्षी गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली राज्य शासनाने वसविल्यापासून तेथील टेकड्यांनी किती खेडी, किती दऱ्या आणि किती देवळे यांची सोंगे वठविली, त्याची गणती नाही. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘नुक्कड’सारख्या मालिकेने गल्लीच्या तोंडावरील गरीब माणसे घरोघर पोहोचविली. पुढे खाजगी वाहिन्या आल्या आणि मढ बेटावरील बंगले हे मालिकांतील श्रीमंत कुटुंबांचे कायमचे माहेर बनले. २००८ पासून चाललेल्या एका लोकप्रिय मालिकेतील सोसायटी गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेली आहे. पण गावाकडून आलेल्या माझ्या एका नातवाने तीच पाहावयास ने म्हणून हट्ट धरला होता. त्याला खोटी सोसायटी ठाऊक होती. तिच्यासारख्या खऱ्या चाळी ज्या लालबागेत होत्या, त्या मात्र ठाऊक नव्हत्या. परदेशी पाहुण्यांविषयीही हेच. २००८ सालच्या ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि धारावी जगाला ठाऊक झाली. धारावीतील घाण जगाने पाहिली. धारावीतील उद्योग, कातडी कमावणारे, कुंभारवाडा, ही बाजू तितकीशी पाहिली नाही.

तात्पर्य, कथानक खोटे बोलेल, नेपथ्य खोटे बोलेल. पण रस्त्यावर घेतलेल्या दृश्यात नायकाच्या खांद्याआडून जे दिसते, ते सहसा खोटे बोलत नाही. कारण ते दाखविण्याचा कोणाचा हेतूच नसतो.

याचा मला आलेला एक अनुभव सांगतो. माझे वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. संपानंतर त्यांना काम मिळाले नाही आणि थोड्याच वर्षांत ते वारले. घरात त्यांचे एकच छायाचित्र आहे, लग्नातले. कामावर जातानाचे, डबा हातात घेतलेले, जसे आम्ही त्यांना रोज पाहत होतो तसे छायाचित्र कोण काढणार? १९९० च्या सुमारास एका रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांकडे दूरदर्शनवर एक जुना हिंदी चित्रपट लागला होता. चित्रपट सामान्यच होता. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्यात नायकाची मोटार एका गिरणीच्या दरवाजावरून जाते. पाळी सुटली आहे, माणसे बाहेर पडत आहेत. दोन-तीन क्षणांचे ते दृश्य. माझी आई एकदम म्हणाली, “ते बघ, हे चाललेत.” मी मान वळवीपर्यंत मोटार पुढे गेली होती.

तो चित्रपट पुढे मी दोनदा पाहिला. दरवाजा आमच्याच गिरणीचा, यात शंका नाही. टोपी घातलेली, डबा धरलेली पाठमोरी माणसे दिसतात. त्यांत वडील आहेत की नाहीत, मला ओळखता आले नाही. आईला चालीवरून ओळखता आले. आता आईही नाही. त्या दरवाजाच्या जागी आज काचेचा उंच मनोरा आहे. त्या दोन क्षणांत कोण चालले होते, हे सांगणारा साक्षीदार जगात उरला नाही.

श्रोतेहो, याच कारणासाठी आज मी आपला वेळ घेतला. चित्रफिती टिकविण्याचे काम आपल्याकडे उशिरा सुरू झाले. सावेदादांची कुस्ती आज उपलब्ध नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग तेवढा वाचला आहे. ज्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला, तेही पाडले गेले. चेंबूरच्या आर. के. चित्रशाळेला २०१७ साली आग लागली आणि पुढे ती जागाच विकली गेली. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जन्मभर खपून हजारो चित्रपट मिळविले. २०१९ साली मुंबईत पेडर रोडवरील गुलशन महालात चित्रपटांचे वस्तुसंग्रहालयही उघडले. फिती जपणारे हात आज आहेत, याबद्दल आपण कृतज्ञ असले पाहिजे.

परंतु फीत वाचली म्हणजे सगळे वाचले असे नव्हे. चित्रपटांच्या सूचीत नट असतो, नटी असते, दिग्दर्शक आणि संगीतकार असतो. नायकाच्या पाठीमागे दिसणारी चाळ कोणती, ते इराण्याचे हॉटेल कोणत्या नाक्यावरचे, तो भोंगा कोणत्या गिरणीचा, याचा रकाना त्या सूचीत कोठे असतो? तो रकाना भरण्याचे ज्ञान ग्रंथांत नाही. ते साठी-सत्तरी उलटलेल्या माणसांच्या डोळ्यांत आहे, आणि ते डोळे एकेक करून मिटत आहेत.

म्हणून माझी सर्वांस विनंती आहे. आपल्या घरी कोणी वृद्ध असेल तर त्यांना शेजारी बसवून मुंबईत चित्रित झालेला एखादा जुना चित्रपट पाहा. ते जेथे “अरे, हे तर अमुक” म्हणतील, तेथे चित्र थांबवा. हल्ली ते थांबविता येते. माझ्या आईच्या वेळी येत नव्हते. वहीत चित्रपटाचे नाव, साल, दृश्य आणि जागा लिहा. शिक्षकबंधूंनी ही गोष्ट सुट्टीचा अभ्यास म्हणून मुलांस द्यावी. पन्नास मुलांच्या पन्नास वह्या झाल्या तरी एका वस्तीचा इतिहास उभा राहील. त्यात चुका होतील. त्या दुसरा कोणी दुरुस्त करील. न लिहिलेली गोष्ट मात्र कोणालाच दुरुस्त करता येत नाही.

आरंभी सांगितलेल्या त्या भिंतीच्या चित्राविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. ते चित्र दाखविणारे लोक कित्येकदा फीत उलटी फिरवीत, आणि पडलेली भिंत धुळीतून उठून पुन्हा जागच्या जागी उभी राही. प्रेक्षक आश्चर्याने थक्क होत. पाडलेली मुंबई तशी परत उभी राहणार नाही, आणि सगळीच राहावी असेही मी म्हणत नाही. नव्या माणसांना नवी घरे हवीतच. पण येथे कोणाची भिंत होती आणि तिच्या सावलीतून कोण चालत जात असे, एवढे तरी आपण लिहून ठेवू शकतो.